रेडिओ सिलोन आणि मराठवाडा

रेडिओ सिलोन हे कोलंबो येथील नभोवाणी केंद्र असून त्याचे लघुलहरींवरील हिंदी कार्यक्रम भारतभर ऐकले जात. मध्यमलहरी दिवसा भूपृष्ठालगत प्रवास करतात व अंतराबरोबर क्षीण होतात. लघुलहरी मात्र आयनांबरावरून परावर्तित होऊन दूरवर पोहोचतात. त्यामुळे कोलंबोपासून सुमारे १,३०० ते १,४०० किलोमीटर अंतरावरील नांदेड व लातूर ही शहरेही या केंद्राच्या टप्प्यात येत. आयनांबराच्या अवस्थेनुसार आवाज कमी-अधिक होत असे.

१९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रीय माहिती व नभोवाणी मंत्री झाले. त्यांच्या कार्यकाळात आकाशवाणीने शास्त्रीय संगीतास प्राधान्य दिले आणि चित्रपटगीते मागे पडली. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर अमीन सयानी यांचा ‘बिनाका गीतमाला’ हा साप्ताहिक कार्यक्रम सुरू झाला. मुंबईत ध्वनिमुद्रित होऊन कोलंबोहून प्रसारित होणारा हा कार्यक्रम बुधवारी रात्री ८ वाजता लागे. गाण्यांचा क्रम रेकॉर्डची विक्री व श्रोतेसंघांची पसंती यांवरून ठरे.

श्रोते परदेशी केंद्राकडे वळल्यामुळे आकाशवाणीने ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू केली. १९८९ मध्ये गीतमालाही विविध भारतीवर आली.