दोन सिलिंडरांचा हत्ती

टाटांच्या इंजिनांची नावं आकड्यांत असतात आणि ते आकडे वाचता आले की अर्धी हकीकत कळते. इंडिका मोटारीच्या डिझेल इंजिनाचं नाव ४७५. म्हणजे सिलिंडर चार, प्रत्येकाचा व्यास ७५ मिलिमीटर, एकूण क्षमता १४०५ सीसी. त्यातले दोन सिलिंडर वजा केले की उरतं २७५: क्षमता ७०२ सीसी, ताकद १६ अश्वशक्ती. बुलेट मोटरसायकलीची याहून जास्त. एवढ्या ताकदीवर साडेसातशे किलो माल वाहणारी चारचाकी २००५ साली बाजारात आली तेव्हा तिचं नाव होतं एस. आपल्याकडे ते नाव शोरूमच्या बाहेर फारसं पडलंच नाही. रस्त्यावर ती ‘छोटा हत्ती’ झाली, आणि पुण्यात तर काय, माल वाहणारी कुठलीही लहान गाडी ‘टेम्पो’च.

जून २०२५ मध्ये या गाडीची नवी आवृत्ती आली, एस प्रो. नवी गाडी जुन्यापेक्षा खरंच बरी आहे का, ते बघून लिहा, असा संपादकांचा निरोप आला. मला वाटलं, दोन माहितीपत्रकं शेजारी ठेवली की काम होईल. पण माहितीपत्रकात गाडी नेहमी रिकामी आणि सपाट रस्त्यावर असते. म्हणून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेलो. तिथे वीस वर्षांतल्या सगळ्या पिढ्या एका ओळीत फाळका उघडून उभ्या दिसतात.

अधिकृत इतिहास थोडक्यात असा. २०००-०१ या वर्षात टाटा मोटर्सला (तेव्हाची टेल्को) पाचशे कोटींचा तोटा झाला. मोठ्या ट्रकांची मागणी कोसळली होती आणि एकाच तऱ्हेच्या मालावर विसंबून चालणार नाही, हे उघड झालं होतं. कंपनीचे वरिष्ठ अधिकारी रवी कांत यांच्या कारकिर्दीत लहान मालगाडीचा विचार सुरू झाला आणि काम गिरीश वाघ या तरुण अभियंत्याकडे आलं. त्यांची माणसं तीनचाकी टेम्पो चालवणाऱ्यांशी बोलत हिंडली. त्यातल्या एकानं म्हणे सांगितलं, चार चाकं असती तर गावात लग्न जमायला सोपं गेलं असतं. व्यवस्थापनाच्या वर्गांत हा किस्सा इतक्यांदा सांगितला जातो की तो आता गुळगुळीत झाला आहे. पण खोटा वाटत नाही. किंमत ठेवली सव्वादोन लाख. गाडी आधी पुण्यात बनली, मग २००७ पासून उत्तराखंडातल्या पंतनगरला. वीस वर्षांत पंचवीस लाखांहून जास्त विकल्या गेल्या.

या यशात कायद्याचाही हात होता, तो मात्र क्वचित सांगितला जातो. मालासकट एकूण वजन तीन हजार किलोंच्या आत असलेल्या मालगाडीला मोटार वाहन कायद्यानुसार परमिट लागत नाही. शहरांत मोठ्या ट्रकांना दिवसा बंदी, हिला नाही. कर्ज काढा, पिवळी पाटी लावा, नाक्यावर उभे राहा. हजारो माणसांनी हेच केलं.

मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला एक मिस्त्री फक्त छोट्या हत्तीची कामं करतात. गॅरेज म्हणजे पत्र्याचं शेड, एक चेन-कप्पी, आणि जमिनीवर ताडपत्री अंथरून मांडलेलं उघडं इंजिन. वय साठीच्या आसपास. सगळे त्यांना मामा म्हणतात, मीही म्हटलं. नाव छापू नका म्हणाले, “नाहीतर उधारीवाले पत्ता विचारत येतील.” उधारी त्यांनी घेतलेली की दिलेली, ते मी विचारलं नाही.

मी गेलो तेव्हा ते २७५चं हेड उतरवून बसले होते. जुन्या गाडीत इंजिन सीटखाली असतं. सीट उचलली की समोर. मामांनी हेड उलटं करून एक लहानशी पोकळी दाखवली. डिझेल थेट पिस्टनवर न फवारता आधी या पोकळीत फवारलं जातं, तिथे पेटतं, आणि ज्वाळा एका अरुंद घशातून मुख्य सिलिंडरमध्ये घुसते. इंजिनाच्या नावापुढची आयडीआय (इनडायरेक्ट इंजेक्शन) ही अक्षरं याचसाठी. या रचनेत उष्णता वाया जाते, म्हणजे डिझेल थोडं जास्त लागतं. थंडीत पहाटे हीटरचा दिवा विझेपर्यंत चावी अर्ध्यावर धरून बसावं लागतं. पण फवाऱ्याला फार मोठा दाब लागत नाही. दाब कमी, म्हणून पंप साधा. पंप साधा, म्हणून तो मामांना उघडता येतो. आजच्या कॉमन रेल इंजिनांत डिझेलचा दाब हवेच्या दाबाच्या हजारपटीहून वर असतो आणि नोझलची भोकं केसाएवढी. तिथे पाना घेऊन कुणी जात नाही.

दोन सिलिंडरांची खोड वेगळी. चार सिलिंडरांत दर अर्ध्या फेऱ्याला एक स्फोट होतो, एकाचा धक्का दुसरा सावरतो. दोनच असले की सरासरी एका फेऱ्याला एक. त्यामुळे सिग्नलला उभा असलेला जुना छोटा हत्ती हिवतापाच्या रोग्यासारखा थरथरतो. आरसा, फाळका, डॅशबोर्डवरचा गणपती, सगळं. दिवसभर त्या सीटवर बसणाऱ्याच्या पाठीचं काय होत असेल, याचा हिशेब कुठल्याच पत्रकात नाही. मामांना मात्र ती थरथर उपयोगी पडते. बोनेटवर, म्हणजे जो काही बोनेट आहे त्यावर, हात ठेवून ते कुठला सिलिंडर कमी काम करतोय ते सांगतात. एका नोझलची नळी सैल केली, इंजिनाचा आवाज बदलला नाही, म्हणजे दुखणं तिथेच. दोनच जागा बघायच्या असल्यानं निदानाला वेळ लागत नाही. संध्याकाळी आलेली गाडी रात्रीतून बांधून पहाटेच्या लिलावाच्या आत यार्डात उभी करायची, हा त्यांचा धंदा. रिंगा, बेअरिंग, गॅसकेट सगळं जवळच्या दुकानांत मिळतं. अस्सलही, आणि दुसरंही.

मला या इंजिनाचं कौतुक वाटलं, ते लपवत नाही. अर्धं केलेलं इंजिन हा काटकसरीचा उपाय होता. सुटे भाग आधीपासून तयार, सिलिंडरचा घेर तोच, नवं थोडंच. हल्ली मोठ्या कंपन्यांतला एवढा उघड कंजूषपणा बघायला मिळत नाही.

एस प्रोची गाठ यार्डाबाहेरच्या एका चालकाकडे पडली. पोरगा पंचविशीतला, याआधी तीनचाकी चालवायचा. गंमत म्हणजे नवीन पेट्रोल गाडीतही सिलिंडर दोनच आहेत, ६९४ सीसीचे. पण ताकद ३० अश्वशक्ती, म्हणजे मूळ गाडीच्या जवळजवळ दुप्पट, आणि ओढही कागदावर जास्त. त्यानं मला यार्डापासून स्वारगेटपर्यंत शेजारी बसवून नेलं. थरथर आहे, पण ती आता सीटमधून मणक्यात चढत नाही. केबिन टक्कर-चाचणीच्या मानकाला उतरलेली आहे. जुन्या गाडीत चालकाच्या गुडघ्यांपुढे पातळ पत्रा आणि त्यापुढे थेट समोरच्या ट्रकचा मागचा बंपर असायचा. हा एकच बदल मला बाकी सगळ्यांहून मोठा वाटतो. वीस वर्षांपूर्वी तो का झाला नाही, याचं उत्तर बहुधा सव्वादोन लाखांत दडलं आहे.

पण किमतीचंही ऐका. एस प्रो पेट्रोल बाजारात आली ती ३ लाख ९९ हजारांना. वीस वर्षांत रुपया किती झिजला हे ज्याला ठाऊक आहे त्याला कळेल की ही गाडी मूळ गाडीपेक्षा प्रत्यक्षात स्वस्त आहे. भारक्षमता तीच, ७५० किलो. हौदा मात्र साडेसहा फुटांचा. जुना सातच्या पुढे होता. अर्ध्या फुटानं काय बिघडतं, असं आपल्याला वाटतं. कोबीची पोती रचणाऱ्या हमालाला विचारा.

तेव्हा बरी कुठली? चालकाच्या शरीराच्या दृष्टीनं नवी, यात वादच नाही. धुराच्या दृष्टीनं तर नवी शंभर हिश्शांनी बरी. जुन्या डिझेलच्या मागे दुचाकीवर अडकलेल्या कुठल्याही पुणेकराला याचा पुरावा नको. शहरातल्या शहरात, पाचशे-सहाशे किलो, दिवसाला चार-पाच खेपा, यासाठीही नवीच. इथवर लेख सोपा होता.

घोळ सुरू होतो सासवडच्या रस्त्यावर. पुरंदरचा वाटाणा, अंजीर, सीताफळ मार्केट यार्डात येतं ते दिवे घाटानं. भरून येताना उतार, पण रिकाम्या खेपेला कोण परततो? किराणा, खतं, सिमेंट असं काहीतरी घेऊन घाट चढायचा असतो. आणि ‘भरून’ याचा अर्थ यार्डात ७५० किलो असा कुणी घेत नाही. जुन्या गाडीला मागे जादा पाटे बसवून तिच्यावर टन-सव्वा टन लादणं ही वीस वर्षांची रीत आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर जादा भाराला वीस हजार रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनामागे आणखी दोन हजार, पण भाडं भारावर ठरतं आणि हप्ता ठरावीक तारखेला जातो. मामांच्या शेडमध्ये पाट्यांची चळत भिंतीला टेकून उभी आहे. ब्रेक मात्र पाट्यांबरोबर वाढत नाहीत, हे त्यांनाही माहीत आहे. मी विचारल्यावर ते म्हणाले, “मी नाही बसवले तर पुढचा बसवेल.” हे उत्तर मला पटलं नाही. पण जुन्या गाडीची जी कीर्ती यार्डात ऐकू येते, ‘काहीही टाका, चालते’, तिचा मोठा भाग या गुन्ह्यावर उभा आहे. नवीन गाडी कमी पडते अशी तक्रार करणारे बहुतेक जण ती कायद्यात बसत नाही तेवढा माल ओढत नाही म्हणून चिडलेले असतात. या कसोटीवर नव्या गाडीला नापास करणं मला अन्यायाचं वाटतं.

दुरुस्तीचं दुखणं मात्र खरं आहे. एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-सहा हे धुराचं मानक लागू झालं आणि सगळ्याच कंपन्यांच्या गाड्यांत सेन्सर, संगणक, धूर गाळणाऱ्या यंत्रणा आल्या. हवा स्वच्छ हवी तर त्या लागणारच. पण डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला की आता हात ठेवून कळत नाही. स्कॅनर लावावा लागतो. मामांच्या पुतण्यानं एक घेतला आहे. तो बिघाडाचा क्रमांक दाखवतो, पण क्रमांक आणि बिघाड यांच्यामध्ये बरीच वायर असते. एका गाडीचा सेन्सर बदलला, दिवा गेला नाही; शेवटी उंदरानं कुरतडलेली वायर सापडली. त्यात दोन दिवस गेले. दोन दिवस म्हणजे ज्याची एकच गाडी आहे त्याची चार-पाच भाडी, आणि त्याहून वाईट म्हणजे बांधलेलं गिऱ्हाईक. व्यापारी एकदा दुसऱ्याचा टेम्पो लावतो, मग तोच लावत राहतो.

मग विजेची. एस ईव्ही २०२२च्या मे महिन्यात आली: २१.३ किलोवॉट-तासांची बॅटरी, प्रमाणित पल्ला १५४ किलोमीटर, भार ६०० किलो, आणि ओढ १३० न्यूटन-मीटर. पुढे एक टन वाहणारीही आली, आणि एस प्रोची विजेवरची आवृत्ती साडेसहा लाखांना. यंत्र म्हणून बघितलं तर हत्तीच्या घराण्यातलं हेच सगळ्यात उत्तम. थरथर नाही, धूर नाही, क्लच नाही. चढावर उभं राहून पुन्हा निघताना जी कसरत दिवे घाटात करावी लागते तिचा प्रश्नच उरत नाही. पण यार्डात उभ्या असलेल्या चालकांना मी एकच विचारलं, रात्री गाडी कुठे लावता? अप्परला रस्त्यावर, जनता वसाहतीच्या खाली, कात्रजला पुलाशेजारी. तिथे प्लग नाही. घरातून वायर सोडायची तर घर तिसऱ्या गल्लीत. कंपनीनं पहिले मोठे करार केले ते अ‍ॅमेझॉन, बिग बास्केट, फ्लिपकार्ट यांच्याशी, आणि ते बरोबरच होतं. ज्याच्याकडे गोदाम आहे त्याच्याकडे चार्जर आहे.

म्हणजे उत्तम गाडी मिळेल, पण तिच्या चावीवर मालकी दुसऱ्याची. पहिला छोटा हत्ती ज्याच्यासाठी काढला तो माणूस स्वतःच मालक, स्वतःच चालक होता. एस प्रो पेट्रोल पुन्हा त्याच माणसाकडे बघते आहे, आणि मला वाटतं तिचं खरं श्रेय तिथेच आहे. तीनचाकीवरून आलेला तो पंचविशीतला पोरगा याचा पुरावा. सीएनजी आणि पेट्रोल दोन्हींवर चालणारी गाडी बाजारात आली तेव्हा एक लाख जास्त होती. त्यात पेट्रोलची टाकी पाच लिटरची. गॅस संपला तर तेवढ्यावर पंप गाठायचा, आणि मग रांगेत उभं राहायचं.

सासवडच्या एका वाहतूकदारानं नव्या-जुन्याच्या या पेचावर तोडगा काढला आहे. दोघा भावांत मिळून नवी गाडी शहरातल्या खेपांसाठी घ्यायची आणि जुनी डिझेल घाटासाठी ठेवायची. जुनीला आठ वर्षं केव्हाच उलटली, त्यामुळे पासिंग आता दरवर्षी. धाकट्या भावाचं म्हणणं, एका घरात दोन गाड्यांचा विमा, दोन पासिंग आणि वर नवा हप्ता परवडणार नाही. जुनी विकून टाक. थोरला मामांकडे आला होता तो इंजिन विकण्याआधी बांधून घ्यावं की नंतर, हे विचारायला. मामांनी विक्रीचा सल्ला दिला नाही. आधी हेड उतरवू या म्हणाले, आणि ताडपत्रीवर जागा केली.