दोन शब्दांचे आडनाव यादीत कुठे बसते?

द्रुतगती मार्गाच्या टोलनाक्यामुळे ठाऊक झालेल्या मावळातल्या उर्से गावाची घरपट्टीची यादी आडनावांनुसार लावायची आहे, असे समजू. ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये, म्हणजे कर आकारणी नोंदवहीत, मालकाचे नाव असते, सातबाऱ्यावर खातेदाराचे. महाभूलेख या भूमी अभिलेखांच्या संकेतस्थळावर तर गट क्रमांक आठवत नसेल तर नुसत्या आडनावावरूनही सातबारा शोधता येतो. म्हणून आडनाव कुठे सुरू होते आणि कुठे संपते, हे डेटाबेसला नेमके कळायला हवे.

बहुतेक चुका एका गृहीतकातून होतात: पूर्ण नावातला शेवटचा शब्द म्हणजे आडनाव. ‘विखे पाटील’ किंवा ‘मोहिते पाटील’ घ्या. शेवटचा शब्द उचलला की विखे आणि मोहिते दोघेही ‘प’खाली, पाटलांच्या गर्दीत जातात. १९६२ च्या कायद्याने महसुली पाटलाचे पद गेले, पण पाटीलकी असलेल्या अनेक घराण्यांच्या नावात तो शब्द कायमचा राहिला. मग शेवटून दुसरा शब्द घ्यावा का? ‘नाईक निंबाळकर’ आणि ‘राजे भोसले’ यांत किताब आधी आहे, कुळाचे नाव नंतर. ‘भिडे-देशपांडे’, ‘अंकलीकर-टिकेकर’ अशा जोडआडनावांत माहेर आणि सासर दोन्ही आहेत. शब्दाच्या जागेवरून आडनाव ओळखणारा एकच नियम या सगळ्यांना लागू पडत नाही.

त्यामुळे पहिली पायरी क्वेरीची नाही, तक्त्याच्या रचनेची आहे. नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन स्वतंत्र रकाने ठेवा. ‘मोहिते पाटील’ हे दोन्ही शब्द आडनावाच्याच रकान्यात जातात.

दुसरी पायरी क्रमाची. क्वेरीच्या ‘ऑर्डर बाय’मध्ये, म्हणजे क्रम ठरवणाऱ्या भागात, आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचे नाव आणि शेवटी खाते क्रमांक द्या. गावात एकाच नावा-आडनावाची दोन माणसे सहज सापडतात. त्यांचा क्रम वडिलांच्या नावाने ठरतो. रकाने जोडून एकच लांब ओळ केली आणि ती लावली, तर ‘मोहिते अनिल’, ‘मोहिते पाटील विजय’, ‘मोहिते संजय’ असा क्रम लागतो. दोन वेगळी आडनावे एकमेकांत मिसळतात. रकाने वेगळे असले की सगळे मोहिते आधी येतात, त्यानंतर सगळे मोहिते पाटील.

तिसरी पायरी लेखनभेदांची. एकच आडनाव कुणी जागा सोडून लिहितो, कुणी संयोगचिन्ह देतो, कुणी सलग लिहितो. कागदपत्रांवरचे मूळ रूप तसेच ठेवा आणि शेजारी फक्त क्रमासाठी एक वेगळा रकाना करा. त्यात संयोगचिन्हाच्या जागी एक मोकळी जागा घाला आणि जास्तीच्या मोकळ्या जागा काढा. सलग लिहिलेले ‘राजेशिर्के’ आपोआप तोडू नका. ते काम माणसाने पाहून करायचे. मोकळ्या जागेला अक्षराआधीचे स्थान दिले की काळे, काळे पाटील, काळेकर असा शब्दवार क्रम लागतो आणि काळे मंडळी एकत्र राहतात. जागा दुर्लक्षिली तर काळेकर मध्ये घुसतात. यादीसाठी पहिली पद्धत सोयीची.

चौथी पायरी मराठी वर्णमालेची. युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच नंतर आणि ‘व’च्या आधी आहे. नुसत्या संकेतांकांवर क्रम लावला तर काळे, कावडे, काशीद असे येते. आपल्या वर्णमालेत ‘ळ’ ‘ह’नंतर येतो, म्हणून योग्य क्रम कावडे, काशीद, काळे. त्यासाठी डेटाबेसला मराठीचे कोलेशन, म्हणजे वर्णक्रमाचे नियम, स्पष्ट सांगावे लागतात. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये आवृत्ती १० पासून आयसीयू या सॉफ्टवेअर लायब्ररीतले मराठी कोलेशन ‘ऑर्डर बाय’ला जोडता येते. जोडल्यावर वरचीच तीन आडनावे लावून खात्री करा. ‘गोऱ्हे’मधला ‘ऱ’ही तपासा: तो एक संकेतांक वापरून लिहिता येतो, तसाच ‘र’ आणि नुक्ता मिळूनही. साठवण्याआधी युनिकोडचे प्रमाणीकरण केले की दोन्ही रूपे एक होतात.

शेवटी शोध. क्रमात नाव एकाच जागी असावे, शोधात मात्र ते प्रत्येक शब्दावरून सापडावे. ‘पाटील’ शोधणाऱ्याला मोहिते पाटीलही दिसले पाहिजेत, म्हणून आडनावातला प्रत्येक शब्द शोधसूचीत वेगळा नोंदवा.

हे सगळे केले तरी एक प्रश्न क्वेरी सोडवू शकत नाही: हा शब्द आडनावाचा भाग आहे की नाही? तो ज्याचे नाव आहे त्यालाच विचारा. अर्जावर आडनावाचा रकाना स्वतंत्र ठेवा, तो पूर्ण भरून घ्या आणि माणसाने सांगितले तसेच लिहा.