छप्पन्न अंशांची भानगड

30 मे 2024. नौतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, ऐन भरात होता. त्या दिवशी नागपुरातल्या एका स्वयंचलित हवामान केंद्रानं 56 अंश सेल्सिअसचा आकडा दिला आणि तो मोबाइलवरून सगळीकडे पसरला. जबलपूर आणि नागपूर 1956पर्यंत एकाच राज्यात होते. त्यामुळे जबलपूरच्या सिविल लाइंसमधल्या ज्या मराठी घरांची सोयरीक अजून नागपूरकडची आहे, तिथून ‘बरे आहात ना?’ असे फोन नक्कीच गेले असतील.

शंका मात्र आकडा वाचतानाच यायला हवी होती. जगाचा मान्य उच्चांक 56.7 अंश, तोही 1913 सालचा, कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीचा. भारताचा 51, राजस्थानातल्या फलोदीचा, मे 2016चा. नागपूर एका दुपारीत फलोदीला पाच अंशांनी मागं टाकेल, हे जरा अतिच झालं. त्याच दिवशी नागपूर परिसरातलं आणखी एक केंद्र 54 दाखवत होतं, तर दुसरी दोन 44च्या आसपास. सेन्सर बिघडला होता, असा खुलासा हवामान खात्यानं केला. आदल्याच दिवशी दिल्लीतल्या मुंगेशपूरनं 52.9 अंश दाखवले होते. तेही तपासणीत तीन अंशांनी जास्त निघाले.

पण न बिघडलेलं यंत्रसुद्धा चुकीच्या जागी ठेवलं की चुकीचंच सांगतं. जबलपूर स्टेशनबाहेर उन्हात तापलेल्या गाडीचा डॅशबोर्ड जे सांगतो, ते बरंचसं पत्र्याचं आणि डांबराचं तापमान असतं. हवामानशास्त्राला हवं असतं हवेचं, म्हणजे सावलीतलं आणि वारा खेळत्या जागेतलं. त्यासाठी एकोणिसाव्या शतकात थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश अभियंत्यानं एक लाकडी पेटी बनवली. हा कादंबरीकार आर. एल. स्टीव्हन्सनचा बाप. पेटीला पांढरा रंग, चारी बाजूंना झिलमिल्या, वर दुहेरी छत. हिरवळीवर ती अशी उभी करतात की आतली उपकरणं जमिनीपासून सव्वा ते दोन मीटरवर येतील. आपल्याकडे दार उत्तरेला ठेवतात, म्हणजे वाचन घेताना ऊन थेट आत येत नाही.

पारंपरिक पेटीत चार तापमापक. कमाल तापमापकाच्या नळीत एक आवळलेली जागा असते. पारा तिथून पुढं सरकतो, पण निरीक्षकानं झटकल्याशिवाय मागं येत नाही. किमान तापमापकात पाऱ्याऐवजी अल्कोहोल आणि त्यात बुडालेली काचेची बारीक कांडी. थंडीनं अल्कोहोल आकसलं की त्याची कड कांडीला सोबत ओढते. पुन्हा ते पसरतं तेव्हा कांडी जागेवरच राहते. पहाटे केव्हातरी पडलेली थंडी सकाळी वाचता येते ती अशी.

उरलेले दोन म्हणजे कोरडा आणि ओला तापमापक. ओल्याच्या फुग्याला मलमलीची चिंधी, तिची वात पाण्यात. पाणी उडतं, फुगा गार होतो. आपला खसाच्या ताट्यांचा कूलर नेमकं हेच करतो. मे महिन्यात कोरडा 42 आणि ओला 22 असेल तर आर्द्रता जेमतेम 17 टक्के. कूलर झकास चालतो. जुलैत 31 आणि 27 झाले की आर्द्रता 75च्या घरात, आणि तोच कूलर नुसती चिकट हवा फेकतो. बातम्यांत कमाल-किमानाबरोबर ओल्याचा आकडाही रोज छापला तर उकाड्याचा अंदाज जास्त खरा येईल, असं मला वाटतं.

‘उष्णतेची लाट’ हा शब्द आपण सैल वापरतो. खात्याचा हिशेब वेगळा: मैदानी प्रदेशात पारा किमान 40वर हवा आणि त्या दिवसांच्या सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी वर, 6.4च्या पुढं गेला तर तीव्र लाट. किंवा सरळ 45 गाठले तर लाट, 47 गाठले तर तीव्र. जबलपुरात मे अखेरीचं सरासरी कमालच चाळिशीपार, त्यामुळे 43ला अंग भाजलं तरी ती लाट ठरत नाही.

पावसाचंही तसंच. ‘मुसळधार’ बोलायला ठीक, पण खात्याच्या लेखी चोवीस तासांत 64.5 मिलिमीटरपासून ‘जोरदार’ आणि 204.5पासून ‘अतिवृष्टी’ची वरची पायरी सुरू होते. एक मिलिमीटर म्हणजे चौरस मीटरवर एक लिटर. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर जोरदार पाऊस म्हणजे किमान 6,450 लिटर पाणी. पर्जन्यमापक मात्र गच्चीवर किंवा आंब्याखाली ठेवून चालत नाही. झाड जेवढं उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतर सोडावं लागतं. सिविल लाइंसच्या जुन्या बंगल्यांच्या झाडीत अशी जागा शोधणं अवघडच. आणि हा दिवस मध्यरात्री बदलत नाही, सकाळी साडेआठला बदलतो: रविवारी संध्याकाळी कोसळलेला पाऊस सोमवारच्या नोंदीत जातो.