घरून व्यवसाय करताय? आधी मीटर बोर्डाकडे बघा



घरगुती व्यवसायाचं बजेट काढायला बसलं की ओव्हन, डीप फ्रीझर, शिलाई मशीन, प्रिंटर, लॅपटॉप, पॅकिंगचं सामान सगळं कागदावर येतं. विजेसाठी एकच रकाना असतो, दर महिन्याच्या बिलाचा. मग एखाद्या मे महिन्यातल्या वळवाच्या संध्याकाळी लाईट जाते, येते, पुन्हा जाते, पुन्हा येते आणि फ्रीझरचं कार्ड उडतं. चाळीस हजारांचं मशीन बंद, आत उद्याच्या ऑर्डरचा माल, आणि ग्राहकाचा फोन सुरू. आजचा विषय हाच. पैसे कुठे घालायचे, आणि कुठल्या क्रमाने.

पुण्यात राहणाऱ्यांना एक जुनी गोष्ट आठवत असेल. 2006 मध्ये राज्यभर भारनियमन चालू होतं आणि पुण्याने त्यातून वेगळी वाट काढली. सीआयआयच्या पुढाकाराने इथल्या कारखान्यांनी स्वतःचे जनरेटर चालवले आणि तेवढी, म्हणजे सुमारे 90 मेगावॅट वीज शहरासाठी मोकळी केली. डिझेलच्या जास्तीच्या खर्चाची वसुली महिन्याला 300 युनिटांपेक्षा जास्त वापर असलेल्या ग्राहकांकडून झाली. वीज नियामक आयोगाने त्याला मान्यता दिली होती. यातली व्यापारी बुद्धी बघा. लाईट गेल्यावर किती बुडतात आणि ती टिकवायला किती लागतात, हे दोन आकडे शेजारी ठेवून निर्णय झाला. तुम्हालाही तेच करायचंय, फक्त आकडे छोटे आहेत.

आता तसं भारनियमन शहरात नाही. गुरुवारी देखभालीसाठी काही भागात लाईट बंद असते, त्याची सवय आपल्याला झालेलीच आहे. पण बाकीचं काही सांगून येत नाही. रस्ता खोदताना जेसीबीने भूमिगत केबल तोडली, वादळात झाडाची फांदी तारेवर पडली, डीपीत बिघाड झाला. 9 फेब्रुवारी 2022 ला तर पहाटे अतिउच्चदाब वाहिन्यांत बिघाड झाला आणि पुणे, पिंपरी-चिंचवडचा मोठा भाग अंधारात गेला. म्हणजे "आमच्या एरियात लाईट जात नाही" या भरवशावर धंदा उभा करू नका.

पण खरं सांगू का? नुसती लाईट गेल्याने मशीन सहसा बिघडत नाही. काम थांबतं, चिडचिड होते, बस. मशीन बिघडतं ते लाईट परत येताना आणि व्होल्टेज वाढल्यावर. आणि बहुतेक जण पहिला खर्च करतात तो इन्व्हर्टरवर! वीस-पंचवीस हजार तिथे जातात, आणि ज्या गोष्टीने मशीन जळतं त्यासाठी शून्य.

आपल्या घरात येणारं व्होल्टेज 230 असायला हवं, थोडं खालीवर चालतं. सोसायटीला मात्र थ्री फेज येते, आणि दोन फेजमध्ये 400 व्होल्टच्या आसपास असतात. एक फेज तुमच्याकडे, दुसरी शेजाऱ्याकडे, आणि न्यूट्रल दोघांचा सामाईक. हा न्यूट्रल कुठेतरी सैल झाला किंवा तुटला तर काय होतं? तुमचं घर आणि शेजाऱ्याचं घर एका माळेत येतात आणि ते 400 व्होल्ट दोघांत वाटले जातात. पण समान वाटले जात नाहीत. ज्याच्याकडे लोड कमी, त्याच्या वाट्याला व्होल्टेज जास्त. शेजाऱ्याचा 2000 वॅटचा गीझर चालू आहे आणि तुमच्याकडे टीव्ही, राऊटर, चार्जर मिळून 200 वॅट. हिशोब केला तर तुमच्याकडे सुमारे 360 व्होल्ट येतात. लॅपटॉपच्या चार्जरवर छापलेलं असतं 100 ते 240. मग उरतं काय?

म्हणून ही लक्षणं पाठ करा. दिवे अचानक भलतेच प्रखर झाले, पंखा न वाढवता जोरात फिरायला लागला, आणि त्याच वेळी शेजारी म्हणतात आमच्याकडे लाईट एकदम डिम आहे. अशा वेळी बघत बसायचं नाही. मेन स्विच खाली पाडा, शेजाऱ्यांनाही पाडायला सांगा आणि मग सोसायटीच्या वायरमनला आणि महावितरणच्या 1912 नंबरवर फोन करा. घरातल्या प्रत्येकाला, आई-बाबांनासुद्धा, मेन स्विच कुठे आहे ते दाखवून ठेवा.

"पण सर, आमच्याकडे एमसीबी आहे की!" हे वाक्य प्रत्येक बॅचमध्ये येतं. एमसीबी लोड जास्त झाला किंवा शॉर्ट सर्किट झालं तर पडतो. आरसीसीबी करंट गळायला लागला तर पडतो, म्हणजे तो माणसाला वाचवतो, आणि तो हवाच. पण 360 व्होल्ट आले तरी दोघंही शांत बसतात, त्यांचं ते कामच नाही. आणि टेबलाखालचा तो दोनशे रुपयांचा लाल दिव्याचा एक्स्टेन्शन बोर्ड? त्याला आपण कौतुकाने स्पाईक गार्ड म्हणतो. बऱ्याचदा त्यात स्विच आणि दिव्याशिवाय काही नसतं.

खर्चाचा क्रम मी असा लावेन. सगळ्यात आधी अर्थिंग. पेठांमधल्या जुन्या वाड्यांत आणि चाळींत अजून अशी वायरिंग सापडते, जिथे सॉकेटला तिसरं भोक आहे पण त्यामागे वायरच नाही. वायरमनला मीटर लावून बघायला सांगा. फेज आणि अर्थिंगमध्ये साधारण फेज-न्यूट्रलइतकंच व्होल्टेज दिसलं पाहिजे, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये अगदी थोडं. पुढची बरीच सुरक्षा अर्थिंगवर उभी आहे. ते नसेल तर बाकीचं आणून उपयोग नाही.

मग मीटर बोर्डावर ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर. एमसीबीशेजारी बसतो, आकड्यात व्होल्टेज दाखवतो. आपण लावलेल्या मर्यादेबाहेर, समजा 265 च्या वर किंवा 180 च्या खाली, व्होल्टेज गेलं की घराची लाईट तोडतो. सगळं ठीक झालं की थोडा वेळ थांबून जोडतो. न्यूट्रल तुटण्यावर घरगुती पातळीवर यापेक्षा सोपा इलाज माझ्या माहितीत नाही. घेताना तीन गोष्टी बघा. तो तुमच्या एकूण लोडला पुरतो का, दोन फेजमधलं व्होल्टेज आलं तरी स्वतः टिकेल असं त्यावर लिहिलंय का, आणि परत जोडायचा वेळ तीन मिनिटांपर्यंत वाढवता येतो का. तपकीर गल्लीत जाऊन दोन-चार दुकानांत भाव विचारा. इन्व्हर्टरच्या मानाने हा खर्च किरकोळ आहे. बसवून मात्र परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच घ्या. व्हिडिओ बघून मीटर बोर्डात हात घालू नका, माझा व्हिडिओ बघूनसुद्धा नाही.

त्यानंतर एसपीडी. वीज कडाडल्यावर किंवा लाईनवर मोठी मशीन चालू-बंद झाल्यावर क्षणभराचा जो मोठा झटका येतो, तो हा अर्थिंगकडे वळवतो. त्याच्या आतला भाग झटके खाऊन झिजतो, म्हणून त्यावर छोटी खिडकी असते. हिरवी आहे तोवर ठीक, लाल झाली की बदला. एक लक्षात घ्या, बराच वेळ टिकणारं 360 व्होल्ट एसपीडीला झेपत नाही, ते वरच्या प्रोटेक्टरचं काम. आणि वीज अगदी जवळ पडली तर कुठल्याच डब्याची खात्री नाही. वळवाचं आभाळ भरून आलं की प्लग काढून ठेवणं हा फुकटचा आणि सगळ्यात खात्रीचा उपाय. राऊटरची तांब्याची लॅन वायर आणि डिशची केबलसुद्धा काढा, त्यातूनही झटका येतो.

फ्रीझर, फ्रिज, एसीसाठी आणखी एक गोष्ट. कॉम्प्रेसर बंद पडल्यावर आतला दाब उतरायला काही मिनिटं लागतात. लाईट लगेच आली आणि तो त्याच दाबावर चालू व्हायला गेला की मोटरवर ताण येतो. म्हणून तीन मिनिटं थांबणारा स्टॅबिलायझर घ्या. नसेल तर लाईट गेली की हाताने बटण बंद करा, एक दिवा चालू ठेवा, आणि तो पाच मिनिटं नीट जळला की मग मशीन लावा.

आता बॅकअप. इथे भावनेने नाही, वॅटने विचार करा. 12 व्होल्ट 150 एएचची बॅटरी कागदावर 1800 वॅट-तास देते. इन्व्हर्टरमधली गळती आणि बॅटरी पूर्ण रिकामी न करण्याची काळजी धरली तर हाताशी येतात साधारण 1100 ते 1200. लॅपटॉप, राऊटर, पंखा, दोन एलईडी मिळून 170 वॅट धरा, सहा तासांच्या आसपास निघतात. ऑनलाईन क्लास, अकाउंटिंग, डिझायनिंग करणाऱ्यांचा दिवस सुटला. पण केकवाल्यांनो, ओटीजी 1500-2000 वॅटचा असतो. घरगुती इन्व्हर्टरवर तो लावण्याच्या फंदात पडू नका. त्यापेक्षा देखभालीच्या गुरुवारी बेकिंग ठेवू नका, आयसिंग ठेवा.

भरलेला डीप फ्रीझर झाकण न उघडता साधारण 48 तास थंडी धरतो, अर्धा भरलेला 24 तास, साधा फ्रिज मात्र जेमतेम 4. अमेरिकेच्या कृषी खात्याचे हे आकडे आहेत. आपल्या मे महिन्यात मी थोडे कमीच धरेन. तरी दोन तास लाईट गेली म्हणून फ्रीझरसाठी मोठा इन्व्हर्टर घ्यायची गरज बऱ्याच जणांना नसते. जागा रिकामी असेल तर पाण्याच्या बाटल्या गोठवून भरून ठेवा.

डेस्कटॉपवर बिलिंग करत असाल तर 600 व्हीएचा छोटा यूपीएस पुरतो. तो दहा-पंधरा मिनिटं देतो, तेवढ्यात फाईल सेव्ह करून मशीन नीट बंद करायचं, काम पुढे रेटायचं नाही. इन्व्हर्टर घेतलाच तर साईन वेव्हचा घ्या, आणि मागे यूपीएस मोडचं बटण असेल तर ते लावा. साध्या मोडमध्ये तो लाईन जशी येते तशी बऱ्यापैकी आत सोडतो. म्हणजे इन्व्हर्टर आहे म्हणून प्रोटेक्टर नको, हा हिशोब चुकतो.

शेवटचा मुद्दा कागदांचा, आणि इथे बरेच जण फसतात. मशीनच्या वॉरंटीत व्होल्टेजमुळे झालेलं नुकसान सहसा धरत नाहीत. साध्या आगीच्या विम्यातही शॉर्ट सर्किटने किंवा झटक्याने त्याच मशीनचं झालेलं नुकसान वगळलेलं असतं, आग पसरून बाकी सामान जळालं तर ते मिळतं. 5 कोटींपर्यंतच्या छोट्या उद्योगांसाठी 1 एप्रिल 2021 पासून भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसी आहे. ती घेताना एजंटला थेट विचारा, "व्होल्टेजने फ्रीझर जळाला तर पैसे मिळतील का?" नाही म्हणाला तर इलेक्ट्रॉनिक उपकरणांच्या वेगळ्या विम्याचा हप्ता विचारा. उत्तर व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. प्रत्येक मशीनचं पक्कं बिल आणि सिरीयल नंबरच्या पाटीचा फोटो मेलवर ठेवा. आणि व्होल्टेज वाढल्याचं दिसलं तर प्रोटेक्टरच्या आकड्याचा फोटो वेळेसकट काढा, 1912 चा तक्रार क्रमांक त्याच्याशेजारी लिहा.