टॅपेट कव्हरवरचा आरसा

आषाढीची वारी करून वारकरी माघारी फिरले की परतवारीच्या एकादशीला नरसी नामदेव गजबजून जातं. नामदेवरायांच्या जन्मगावी कुणी पायी येतं, कुणी जीपनं, कुणी मोटारसायकलवर. गाड्यांच्या गर्दीत एखादी जुनी बुलेट उभी असली की पोरं तिच्याभोवती घोळका करतात. इंजिनवरची कव्हरं अशी लखलखत असतात की त्यात बघून टोपी सारखी करावी. "क्रोम कुठं केलं?" असा प्रश्न हमखास येतो. पुष्कळदा क्रोम नसतंच. आपल्या घरात ज्याला 'जर्मन' म्हणतात, ते साधं अॅल्युमिनियम कुणीतरी आठवडाभर हातानं घासलेलं असतं.

इंजिनच्या व्हॉल्व्हवर जे झाकण असतं त्याला गॅरेजात टॅपेट कव्हर म्हणतात. वितळलेलं अॅल्युमिनियम साच्यात ओतून ते घडवतात, म्हणून त्याचा पृष्ठभाग खरखरीत आणि राखाडी असतो. त्याच धातूचा आरसा कसा होतो? कयाधू नदीचा डोह आठवा. पाणी निवांत असलं की काठावरचं झाड त्यात जसंच्या तसं दिसतं. वारा सुटला की पाणी तेच असतं, पण झाड मोडून जातं. धातूचंही तसंच आहे. अॅल्युमिनियम स्वतःवर पडलेल्या उजेडापैकी सुमारे 90 टक्के परत पाठवतं. फक्त ओबडधोबड पृष्ठभागावरून तो उजेड दाही दिशांना विखुरतो. उजेडाच्या लहरीची लांबी 0.4 ते 0.7 मायक्रॉन. धातूवरचे उंचवटे त्याहून पुष्कळ लहान झाले, की प्रतिमा उमटते.

तिथवर पोचायचं साधन म्हणजे पॉलिश पेपर. त्याच्या पाठीवरचा आकडा वाढतो तसे कण बारीक होतात. 220 नंबरचे कण साधारण 68 मायक्रॉनचे, म्हणजे केसाच्या जाडीचे. 400 चे 35, 1000 चे 18 आणि 2000 चे सुमारे 10 मायक्रॉन. प्रत्येक कागद आधीच्या कागदाचे ओरखडे पुसतो आणि स्वतःचे, त्याहून उथळ, मागे ठेवतो.

सगळी मेख इथंच आहे. 220 नं उभं घासलं तर 400 नं आडवं घासायचं. मग कव्हर उन्हात तिरपं धरून बघायचं. आडव्या रेघांच्या जाळीत एक जरी उभी रेघ चमकली, तरी 600 चा कागद हातात घ्यायचा नाही. घाई केली तर ती रेघ शेवटपर्यंत राहते आणि आरसा झाल्यावर दुप्पट उठून दिसते. कागद पाण्यात भिजवून वापरायचा. मऊ अॅल्युमिनियमचा कीस कागदात अडकला की तो कापायचा थांबतो. पाणी तो कीस वाहून नेतं आणि धूळही उडू देत नाही. अॅल्युमिनियमची कोरडी बारीक धूळ पेट घेऊ शकते, हे विसरू नये.

या कामात एक सुंदर योगायोग आहे. उघडं पडलेलं अॅल्युमिनियम क्षणात हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतं आणि त्यावर दोन-चार नॅनोमीटरचा थर बसतो. लोखंडाचा गंज पापुद्र्यांनी सुटतो. हा थर मात्र घट्ट चिकटून आतल्या धातूला राखतो. धुण्याच्या सोड्यानं जर्मनचं पातेलं काळवंडतं, कारण सोडा हा थरच खातो. कठीणपणाच्या मोहस मोजपट्टीवर अॅल्युमिनियम 3 च्याही खाली आहे, तर त्याचं ऑक्साइड थेट 9 वर. त्याचेच स्फटिक म्हणजे कुरुंद. माणिक आणि नीलम हीही त्याचीच रूपं. तपकिरी पॉलिश पेपरवरचे कण बहुधा या ऑक्साइडचेच असतात. तसा कागद वापरला, तर धातूला चमक येते ती त्याच्याच गंजानं घासून.

2000 नंतर सुती फडकं आणि पॉलिश. फडकं काळं होतं, तो मळ नसतो. अजून निघत असलेला धातू असतो. पॉलिश म्हणजे नुसते बारीक ओरखडे की आणखी काही, यावर शास्त्रज्ञांनीही डोकं खपवलं आहे. न्यूटननं 1704 च्या 'ऑप्टिक्स'मध्ये ओरखडे लहान करत नेणं असंच त्याचं वर्णन केलं. 1901 साली लॉर्ड रॅले यांनी काचेच्या पॉलिशबद्दल वेगळं मत मांडलं: तिथं खरवडणं नसून जवळपास रेणूंच्या पातळीवरची झीज असते. हातानं घासलेल्या अॅल्युमिनियमपुरतं मात्र न्यूटनचं म्हणणं गॅरेजात रोज पटतं.

कधी कधी चमकत्या कव्हरवर सुईच्या टोकाएवढी छिद्रं दिसतात. ती घासणाऱ्याची चूक नव्हे. वितळलेल्या अॅल्युमिनियममध्ये हायड्रोजन मुरतो आणि धातू थिजताना बुडबुडे सोडतो. ती छिद्रं ओतकामातच पडलेली असतात.

हे काम हाती घेणाऱ्यांना दोन गोष्टी कळकळीनं सांगायच्या आहेत. गॅस्केट बसते ती कड घासू नका. तिथली सपाटी बिघडली की ऑइल गळतं. आणि कव्हर बसवण्याआधी साबणाच्या पाण्यानं, ब्रशनं, आतून-बाहेरून दोनदा धुवा. चमक आणणारा तोच कण ऑइलमधून बेअरिंगपर्यंत पोचला, तर तिथंही तो घासण्याचंच काम करतो.