सतरा वर्षांखालील विश्वचषक आणि कोल्हापूरच्या तालमी

दर चार वर्षांनी ज्येष्ठांच्या विश्वचषकाचा हंगाम आला, की कोल्हापूरच्या चौकाचौकांत मेस्सी, नेमार आणि रोनाल्डो यांचे भव्य फलक उभे राहतात, आणि ब्राझील व अर्जेंटिना या दूरस्थ राष्ट्रांच्या अभिमानापायी पेठ पेठेशी, प्रसंगी एकाच घरातला भाऊ भावाशी वाद घालू लागतो. परंतु ज्या विश्वचषकात याच शहरातला एक मुलगा भारताचा गणवेश घालून प्रत्यक्ष मैदानात उतरला, त्या कुमारांच्या विश्वचषकाची कथा या वादांत क्वचितच निघते.

ही स्पर्धा मूळची आशियाई आहे, हे आवर्जून सांगितले पाहिजे. सिंगापूरच्या फुटबॉल संघटनेने १९७७ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांसाठी ‘लायन सिटी कप’ सुरू केला; १९८२ ची स्पर्धा पाहण्यास फिफाचे तत्कालीन सरचिटणीस सेप ब्लाटर तेथे गेले, आणि त्यांच्याच शिफारशीवरून १९८५ मध्ये चीनमध्ये कुमारांची पहिली जागतिक स्पर्धा भरली. तीत नायजेरियाने पश्चिम जर्मनीला २-० असे हरवले. १९९१ पासून वयाची मर्यादा सतरा झाली, २००७ पासून संघ सोळांचे चोवीस झाले. योगायोग असा, की बर्फावरच्या हॉकीतील वीस वर्षांखालील मुलांच्या जागतिक अजिंक्यपदालाही अधिकृत मान्यता मिळाली ती १९७७ मध्येच. त्या स्पर्धेत १९८७ च्या जानेवारीत, चेकोस्लोव्हाकियातील पिएश्तानी येथे, कॅनडा आणि सोव्हिएत संघाची पोरे अशी हातघाईवर आली, की अधिकाऱ्यांनी सभागृहाचे दिवे मालवले, आणि अखेर दोन्ही संघ स्पर्धेतून बाद झाले. कोल्हापुरात पेठांच्या फुटबॉल सामन्यांतील पोलीस बंदोबस्त पाहून नाके मुरडणाऱ्यांनी हा दाखला स्मरणात ठेवावा.

कुमारांच्या स्पर्धेतला खरा पेच वयाचा. जन्मदाखला हा दस्तऐवज कोणत्या दफ्तरातून कसा निघतो, हे आपल्याकडे कोणाला शिकवावे लागत नाही; म्हणून २००९ च्या नायजेरियातील स्पर्धेपासून फिफाने कागद बाजूला सारून मनगटाचे एमआरआय चित्रण प्रमाण मानले. हाताच्या हाडाच्या मनगटाजवळील टोकाशी कूर्चेची एक पातळ चकती असते. वाढ चालू असेतो ती चित्रात स्पष्ट दिसते, वाढ पुरी झाली की ती हाडात पूर्णपणे विरून जाते, आणि अशा मुलाचे वय सतराच्या पुढे गेले आहे असा निवाडा जवळजवळ निःशंकपणे देता येतो. त्यापुढे दाखल्यावरचा शिक्का कितीही ठळक असो, तो व्यर्थ.

२०१७ मध्ये यजमानपद भारताकडे आले. ६ ते २८ ऑक्टोबर या काळात सहा शहरांत बावन्न सामने झाले, १३,४७,१३३ प्रेक्षकांची नोंद होऊन या स्पर्धेचा पूर्वीचा उच्चांक मोडला, आणि कोलकात्याच्या अंतिम सामन्यात दोन गोलांनी मागे पडलेल्या इंग्लंडने स्पेनला ५-२ असे नमवले. भारताचे गटसामने प्रथम नवी मुंबईत, म्हणजे कोल्हापूरच्याच डी. वाय. पाटील यांच्या नावाच्या नेरूळमधील मैदानावर मुक्रर झाले होते. पुढे ते दिल्लीला हलवण्यात आले. ६ ऑक्टोबरला अमेरिकेविरुद्ध जो संघ उतरला, त्यात आघाडीला होता अनिकेत जाधव. कोल्हापूरच्या रिक्षाचालकाचा हा मुलगा, जन्म १३ जुलै २०००, म्हणजे मर्यादेत नेमका बसणारा. सामना ०-३ असा गेला. ९ ऑक्टोबरला कोलंबियाविरुद्ध ८२ व्या मिनिटाला संजीव स्टॅलिनच्या कॉर्नरवर जिक्सन सिंगने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला, फिफाच्या कोणत्याही विश्वचषकातील भारताचा तो पहिला गोल. आणि त्याचा जल्लोष ओसरण्यापूर्वीच पुढच्या मिनिटाला कोलंबियाच्या पेन्यालोसाने आपला दुसरा गोल करून सामना हिरावून नेला. घानाने चार गोलांनी हरवले आणि भारताचा प्रवास संपला. एकवीस जणांच्या त्या चमूत अमेरिकेत वाढलेला नमित देशपांडेही होता, आणि एकट्या मणिपूरची आठ मुले होती.

ही आठाची संख्या मला सलते, कारण फुटबॉलच्या वेडात कोल्हापूर कोणाहून उणे नाही. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचे मैदान उभे राहिले. आणि पुढे त्याच पेठांतल्या तालमींनी लाल मातीबरोबर फुटबॉलही आपला मानला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब ही नावे शाहू स्टेडियमवर ज्या आवेशाने उच्चारली जातात, त्या आवेशाने आपल्याकडे क्वचितच एखाद्या संघाचे नाव घेतले जाते. परंतु ही सारी रचना मोठ्यांच्या सामन्यासाठी आहे. वर्गणी, चषक, बक्षिसाची रक्कम, फटाके, बाहेरून आणलेला खेळाडू, हा सर्व जमाखर्च वरिष्ठ संघाच्या नावे पडतो, आणि बारा वर्षांचा पोर कट्ट्यावर बसून घसा कोरडा करतो. अनिकेत ज्या शिस्तीत घडला, ती पेठेतली नव्हे. त्यासाठी त्याला लहानपणीच घर सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत जावे लागले, जेथे वयानुसार आहार, सराव आणि सामने ठरलेले असतात. पुढे तो इंडियन ॲरोज, जमशेदपूर अशा संघांतून खेळला, ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये सरावही करून आला. त्याच्या यशाचे श्रेय शहर घेते ते घेवोच. पण तालमींचा हिस्सा त्यात किती, हे प्रत्येक मंडळाने प्रामाणिकपणे तपासावे.

मुलींच्या बाबतीत तर विचारूच नये. २०२२ मध्ये सतरा वर्षांखालील मुलींचा विश्वचषकही भारतात झाला, आणि ३० ऑक्टोबरला त्याच नेरूळच्या मैदानावर स्पेनने कोलंबियाला १-० असे हरवून तो जिंकला. कोल्हापूरहून पहाटे निघालेला मनुष्य सायंकाळच्या त्या सामन्याला सहज हजर राहू शकला असता.

मुलांची ही स्पर्धा २०२५ पासून दरवर्षी भरू लागली आहे, संघही अठ्ठेचाळीस झाले आहेत. तेव्हा तालमींच्या कारभाऱ्यांना एवढीच विनंती, की येत्या हंगामात चषकाच्या बक्षिसातील काही रक्कम बाजूला काढून प्रत्येक पेठेने तेरा वर्षांखालील मुलांचा एक संघ नोंदवावा, त्यासाठी पगारी प्रशिक्षक नेमावा, आणि त्या मुलांच्या सामन्यांना वरिष्ठांच्या सामन्यांइतकीच गर्दी करावी.