शेतातले हरीण आणि हातातली बंदूक

मृगाचा पाऊस होतो, चाड्यावर मूठ धरली जाते, सोयाबीन दोन पानांवर येते आणि मग खराखुरा मृग रानात उतरतो. मुखेड, कंधार, लोहा, अहमदपूर, चाकूर या भागातल्या शेतकरी बंधू-भगिनींना हे सांगण्याची गरज नाही. संध्याकाळी हिरवे दिसलेले तास सकाळी नुसत्या काड्या होऊन उभे असतात. गेल्या खरिपात एक तरुण शेतकरी अशाच काड्यांची मूठ घेऊन माझ्या टेबलापाशी आला. दुबार पेरणीला घरात दाणा नव्हता. तो म्हणाला, "साहेब, बंदुकीचा परवाना मिळत नसेल तर एखादे औषध तरी सांगा. नाहीतर मी आकडा टाकून तारच सोडतो."

त्याला मी खाली बसवले. त्याचा राग खोटा नव्हता. पण शिकारीची गोष्ट पुरती माहीत असावी, म्हणून ती इथे मांडतो.

काळवीट हा उघड्या माळाचा प्राणी आहे. दाट झाडीत तो राहत नाही. नजर तीक्ष्ण आणि वेग ताशी सुमारे ८० किलोमीटर. त्यामुळे दुरून दिसणारा शत्रू त्याला गाठू शकत नाही. अमेरिकेच्या गवताळ मैदानांवर प्राँगहॉर्न नावाचे असेच हरणासारखे जनावर आहे. तिकडचे शिकारी रांगत, पोटावर सरपटत त्याच्या मागे जातात. आपल्याकडे युक्ती वेगळी होती. हरीण माणसाला बुजते, बैलाला बुजत नाही. फासेपारधी शिकवलेल्या बैलाच्या आडून कळपाजवळ जात आणि फास मांडत. कोल्हापूर संस्थानात चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी चढवून त्याला बैलगाडीतून माळावर नेत. गाडी पुरेशी जवळ गेली की टोपी काढायची. धाव थोडीच, पण जोरदार. साधली तर साधली, नाही तर चित्ता दमून बसे. इथले चित्ते कमी झाल्यावर संस्थानाने ते आफ्रिकेहूनही आणले होते.

आपला मुलूख तेव्हा निजामाचा. १९४८ नंतर संस्थान गेले, पण जीपगाड्या आणि बंदुका आल्या. रात्री गाडीच्या दिव्यात हरणाचे डोळे चमकतात, ते जागीच थबकते आणि गोळी लागते. याला शिकार म्हणायला माझी जीभ वळत नाही. पारध्याच्या अंगी निदान कसब तरी होते. देशातले शेवटचे तीन चित्ते १९४७ साली कोरियाच्या राजाने मारल्याची नोंद आहे. काळवीटही त्याच वाटेने निघाले होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ते थांबले. पुढे १९८० साली कर्जत तालुक्यात रेहेकुरीला काळविटांसाठी अभयारण्य झाले.

प्राँगहॉर्नचेही तसेच झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी ते काही हजारांवर आले होते. शिकार बंद ठेवली, कळप वाढले, आणि आता तिथे मोजके परवाने देऊन शिकार होते. तो तरुण हेच विचारत होता : मग आपल्याकडे का नाही? उत्तर असे, की त्या मैदानांवर अजून गवताची मोकळी राने शिल्लक आहेत. आपले माळ आपणच नांगरले. गायराने आक्रसली, लांडगा दिसेनासा झाला आणि उंच ज्वारीच्या जागी कोवळे, रसदार सोयाबीन आले. हरीण शेतात आले की शेत हरणात गेले, हा प्रश्न मी अजून सोडवलेला नाही.

कायदा मात्र स्पष्ट आहे. काळवीट पहिल्या अनुसूचीत आहे. पिकाची नासाडी करणारे रानडुक्कर मारण्याची परवानगी वन खाते देऊ शकते; पिकात शिरले म्हणून काळवीट मारण्याची परवानगी कोणालाच मिळत नाही. मारल्यास ३ ते ७ वर्षे कैद. आणि सोडलेली तार हरीण पाहत नाही. पहाटे मोटार चालू करायला निघालेला आपलाच भाऊ तिला चिकटतो. विषाचेही तेच : शेजाऱ्याची शेळी आधी मरते. सौर कुंपणाची गोष्ट निराळी. त्यात क्षणभराचा झटका थांबून थांबून बसतो, प्रवाह सलग नसतो, म्हणून जनावर दचकते, मरत नाही.

आता शेतातले. सोयाबीनचे रोप दलपत्रांच्या खाली तुटले तर ते गेले. वर तुटले तर दलपत्रांच्या बेचक्यातून पुन्हा फुटते. म्हणून दुबार पेरणीची घाई न करता चार-पाच दिवस थांबा, तासात बसून रोपे पाहा. त्या तरुणाच्या दोन एकरांपैकी निम्म्याहून अधिक रान असेच फुटले. बियाणे फक्त कडेच्या पट्ट्याला लागले. हरभऱ्याचे शेंडे आपण स्वतःच खुडतो, तेव्हा वरवरच्या चाटणीने घाबरू नये. बुडासकट खाल्ले तर नुकसान खरे. राखण सर्वांत जास्त लागते ती उगवणीनंतरचे पहिले तीन आठवडे. एकट्याने महिनाभर जागता येत नाही, शिवारातल्या पाच-सहा घरांनी पाळ्या लावल्या तर येते. हरभऱ्याभोवती करडईच्या चार-पाच ओळी जरूर घ्या, पण एक लक्षात ठेवा : करडईला काटे उशिरा येतात. पहिल्या महिन्यात तीच हरणाचा चारा होते. तोवर घरातल्या भगिनींच्या जुन्या साड्या बांधाला बांधाव्यात. त्यांना हरणे आठ-दहा दिवसांत सरावतात, म्हणून जागा बदलत राहावे.

नुकसान झाल्यास तीन दिवसांच्या आत वन खात्याकडे अर्ज द्या. पंचनाम्यापूर्वी रान मोडू नका. सात-बारा आणि खुरांच्या ठशांसह फोटो जवळ ठेवा. हरीण बिनकठड्याच्या विहिरीत पडले तर स्वतः उतरू नका, १९२६ या क्रमांकावर वन खात्याला कळवा.

१७ सप्टेंबर २०२२ रोजी, आपल्या मुक्तिदिनीच, मध्य प्रदेशात कुनोला आफ्रिकेतून चित्ते आणून सोडले. हे त्या तरुणाला सांगितले तर तो पहिल्यांदा हसला. "एखादा आमच्या शिवारात पाठवा," म्हणाला, आणि करडईचे बी कुठे मिळेल ते विचारून एस.टी. गाठायला निघाला.